माणसाला लॅक्टोमीटर लावू नका

दुधावरची साय काढून घेतली की उरलेलं दूध किंचित जड होतं, कारण फॅट पाण्यापेक्षा हलकं असतं. मग त्यात बेताचं पाणी घालायचं. दूध पुन्हा हलकं होतं. आता लॅक्टोमीटर सोडून बघा. डिग्री जिथे होती तिथेच. दोन चोऱ्या झाल्या आणि दोन्ही मिळून फिटंफाट.

ही युक्ती इतकी जुनी आहे की डेअरीत कोणी एकट्या लॅक्टोमीटरवर विश्वास ठेवत नाही. तिथे गर्बर टेस्ट होते. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, फॅट वेगळं होऊन वर येतं आणि नळीवरच्या रेघांवर त्याचा आकडा वाचायचा. माझे बाबा आरेच्या डेअरीत लॅबमध्ये होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच वाचलं. आम्ही राहिलो आरेतच, क्वार्टर्समध्ये, त्यामुळे ‘फॅट किती लागलं?’ हा प्रश्न आमच्या घरात हवापाण्यासारखा होता. आणि तो कायम दुधाबद्दल होता.

हे गावच मुळात फॅटच्या हिशोबावर उभं राहिलंय. १९४९ मध्ये मुंबईतल्या गोठ्यांमधल्या म्हशी शहराबाहेर काढून इथे आणल्या. ते काम ज्यांनी उभं केलं ते दारा खुरोडी टोन्ड दुधाचे जनक मानले जातात. म्हशीच्या दुधात फॅट साधारण ७ टक्के. त्यात स्किम्ड दुधाची पावडर आणि पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात आणि भावही परवडतो. आजही तुमच्या पिशवीवर टोन्ड म्हणजे ३, डबल टोन्ड म्हणजे दीड, फुल क्रीम म्हणजे ६ असं छापलेलं असतं. अर्ध्या लिटरच्या पिशवीला इतका मान आहे.

माणसाला नाही. माणसाला आपण काट्यावर उभं करतो, किलोला उंचीच्या वर्गाने भागतो आणि जे येतं त्याला बीएमआय म्हणतो. हा सरळसरळ लॅक्टोमीटर आहे. तुमचे सहा किलो स्नायू गेले आणि सहा किलो चरबी आली, तर काटा हलत नाही. उलट लोक कौतुक करतात, ‘कॉलेजपासून वजन काय मेंटेन केलंयस!’

बीएमआयचा इतिहास दोन ओळींत उरकतो. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या खगोल आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकाला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, त्यातून हे सूत्र आलं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी ते काही देशांतल्या पुरुषांवर तपासून त्याला आजचं नाव दिलं. लोकसंख्येचा ढोबळ अंदाज घ्यायला ते बरं होतं. तुमचा विमा, तुमचं ऑफिसचं हेल्थ चेकअप आणि तुमच्या आईला डॉक्टरांनी दिलेला सल्ला या सूत्रावर ठरावा, ही नंतरच्या लोकांची सोय. आमच्या धंद्यात याला प्रॉक्सी मेट्रिक म्हणतात. जे मोजायचंय ते मोजता येत नाही म्हणून शेजारचं काहीतरी मोजायचं. कोडच्या ओळी मोजून इंजिनिअरचं काम ठरवणारे मॅनेजर ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

पण खरी चीड आणणारी गोष्ट वेगळी आहे. हे माप भारतीय शरीरावर विशेष फसतं, ही गोष्ट आपल्याला कोणा परदेशी माणसाने येऊन सांगितलेली नाही. ती पुण्यात सिद्ध झाली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच गोष्ट छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कोणताही वेलनेस अ‍ॅप दोघांनाही हिरवा टिक देईल. मग दोघांचं डेक्सा स्कॅन केलं. डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड, चरबी आणि बाकीचं मऊ मांस ते वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्यावरून कुठे काय किती आहे ते कळतं. युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. चित्राखाली दोघांनी खट्याळपणे लिहून ठेवलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत पोचणं. पण त्याच ओळींमध्ये गंभीर धागाही आहे. याज्ञिक जन्मले तेव्हा कमी वजनाचे होते.

हा धागा त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पकडला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००९ मध्ये पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांचं एमआरआय करून पाहिलं, तर पुण्याची बाळं वजनाने हलकी असूनही त्यांच्या पोटात चरबी जास्त. ‘थिन-फॅट’ हा शब्द इथून आला. म्हणजे काट्यावर जे बाळ ‘कुपोषित’ दिसतं तेच आतून चरबी राखून असतं, आणि पुढे तेच बाळ मोठं होऊन काट्यावर ‘नॉर्मल’ दिसतं. काटा दोन्ही वेळा अर्धंच सांगतो.

हे सगळं महाराष्ट्रात झालं आणि मराठी माणूस अजून ‘बारीक आहे म्हणजे तब्येत चांगली’ या वाक्यावर जगतोय. त्याचा हिशोब देशाच्या आकड्यांत दिसतो. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे बघा. बीएमआयने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के, पोटाच्या घेराने ठरणारे ३९.५ टक्के. साधी वजाबाकी करा. दर शंभरातले निदान ११ जण असे आहेत ज्यांना काटा म्हणतो ‘जा, ठीक आहे’ आणि पँटचा पट्टा म्हणतो ‘थांब’. त्याच पाहणीत मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर आहे.

माझे बाबा त्या ११ मधले. उंची १६६ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, बीएमआय २२.५. काटक माणूस, असं सगळे म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी मुतखड्याची कळ आली म्हणून सीटी स्कॅन झाला. खडा सापडला, पडला, विषय संपला. रिपोर्टमध्ये खड्याचं माप मिलिमीटरमध्ये होतं आणि शेवटी एक ओळ, बाकी सगळं ठीक. दीड वर्षाने पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं तर एचबीए१सी ८.१.

सीटीची सीडी घरात होती. टीव्हीच्या कपाटात, लग्नाच्या सीडीशेजारी. मी ती ‘थ्रीडी स्लायसर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली.

इथे जरा थांबून सांगतो, कारण ही गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. सीटीचं चित्र हे आपल्या फोनमधल्या फोटोसारखं नसतं. त्यातला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो, हाउन्सफील्ड एककात. हवा उणे १०००, पाणी शून्य. चरबी साधारण उणे १९० ते उणे ३०. स्नायू उणे २९ ते अधिक १५०. म्हणजे चरबी कुठली आणि मांस कुठलं हे यंत्राने आधीच वेगळं करून ठेवलेलं असतं, ब्युटिरोमीटरच्या नळीसारखं. फक्त कोणीतरी रेघा वाचायच्या बाकी असतात. संशोधनात त्यासाठी बहुतेकदा कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घेतात, कारण त्या एका कापातल्या क्षेत्रफळावरून सगळ्या शरीरातल्या चरबीचा आणि स्नायूंचा चांगला अंदाज येतो.

बाबांचा तो काप काढून मी हाताने रंगवला. एक संध्याकाळ गेली, कारण आतड्यांतला ऐवजही कधीकधी चरबीच्याच आकड्यांत येतो आणि तो वगळावा लागतो. कातडीखाली चरबीचा पातळ थर. म्हणून तर काटक दिसतात. पण आत, आतड्यांभोवती, १७१ चौरस सेंटिमीटर. जपानमध्ये १०० चौरस सेंटिमीटर ओलांडले की धोक्याची घंटा मानतात. आणि पाठीच्या स्नायूंमधून चरबीच्या काळ्या रेघा गेलेल्या, मटणात असतात तशा. बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “दूध असतं तर मी हे परत पाठवलं असतं.”

कोणत्या हॉस्पिटलचा स्कॅन होता ते महत्त्वाचं नाही, कारण तिथल्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना खडा शोधायला सांगितला होता, त्यांनी शोधला. माझं भांडण त्या ‘बाकी सगळं ठीक’शी आहे. मुंबईत रोज मुतखड्यासाठी, अपेंडिक्ससाठी, अपघातासाठी, कॅन्सरसाठी पोटाचे सीटी होतात. किरणं अंगात गेलेली असतात, पैसे भरलेले असतात, आकडे फाइलमध्ये असतात. आणि आपण ते फेकून देतो. फेकतो म्हणजे कसं, तर त्यातली निवडक चित्रं काळ्या फिल्मवर छापतो. छापलं की आकडे मेले, उरला करड्या रंगाचा फोटो. मग तो फोटो ट्यूबलाइटसमोर धरून त्याचा फोटो काढतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो.

हे वाया जाणं किती महाग आहे याचा अंदाज अमेरिकेत आलाय. विस्कॉन्सिन विद्यापीठात पेरी पिकहार्ट यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाचणी म्हणून आधीच झालेले ९,२२३ जणांचे सीटी संगणकाकडून पुन्हा वाचून घेतले. पोटातली चरबी, स्नायूंची घनता, महाधमनीतलं कॅल्शियम वगैरे. पुढच्या वर्षांत कोणाला हृदयविकार होईल, कोण दगावेल, याचा अंदाज या आकड्यांनी बीएमआयपेक्षा चांगला दिला. नवा स्कॅन एकही काढलेला नव्हता.

आता दुसऱ्या टोकाला बघा. ज्यांना हे माप मिळायला हवं त्यांना मिळत नाही, आणि ज्यांना नको त्यांना ते विकलं जातंय. रविवारी सकाळी आरेच्या मेन रोडवर या. अर्धी मुंबई पळायला आणि सायकल मारायला आलेली असते. त्यांना गाठायला कडेला कोणीतरी टेबल मांडतं, बॅनर लावतं, ‘मोफत बॉडी अ‍ॅनालिसिस’. अनवाणी काट्यावर उभे राहा, कागद बाहेर येतो. बॉडी फॅट २८.४, व्हिसरल फॅट ९, बॉडी एज ४१. समोर उभी असलेली मुलगी २६ वर्षांची. तिचा चेहरा उतरतो आणि शेकचा डबा पुढे सरकतो.

ते यंत्र तिच्या पोटात डोकावलेलं नसतं. ते पायातून पायात बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं. स्नायूंत पाणी असतं म्हणून तिथून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. प्रवाह मुख्यतः एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. बाकीचं धड, हात, पोट हे सगळं वय, उंची आणि लिंग सूत्रात घालून केलेला अंदाज. दोन ग्लास पाणी प्या किंवा घाम गाळून या, आकडा बदलेल. दशांश चिन्हानंतरचा तो ४ बघून लोक भुलतात. अचूक दिसणं आणि अचूक असणं यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात डॅशबोर्ड देऊ नये, असं आमच्याकडे म्हणतात. डॅशबोर्ड आम्हीच बनवतो, हेही खरं.

त्याच्या वरच्या थरात संपूर्ण शरीराचा स्कॅन विकणारी पॅकेजेस आहेत. तीस वर्षांच्या, धडधाकट माणसाने केवळ चरबी बघायला पोटाचा सीटी काढणं हा मूर्खपणा आहे, हे स्पष्ट म्हणतो. सीटीची किरणं फुकट नसतात. डेक्साची किरणं फार थोडी, एमआरआयला तीही नाहीत, पण निरोगी माणसाला दर सहा महिन्यांनी आपल्या चरबीचा रंगीत नकाशा कशाला हवा? ती आरोग्याची गरज नव्हे, इन्स्टाची.

इथे माझे एक रेडिओलॉजिस्ट मित्र भडकतात. त्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला असा, की आधीच माणशी स्कॅनचा ढीग, त्यात आणखी दोन मापं कोण काढणार? याला उत्तर सोपं आहे. जे मी एका संध्याकाळी हाताने केलं ते आज सॉफ्टवेअर काही मिनिटांत करतं. दुसरा मुद्दा, हे कळून उपचारात काय फरक पडणार, शेवटी ‘चाला आणि कमी खा’ हेच सांगायचं ना?

नाही. इथेच फरक पडतो. बाबांसारख्या माणसाला ‘वजन कमी करा’ सांगितलं तर तो जेवण निम्मं करेल. चरबी थोडी जाईल आणि आधीच कमी असलेले स्नायूही जातील. त्याला काट्याशी देणंघेणं न ठेवता ताकदीचा व्यायाम आणि पुरेसं प्रथिन हवं. हा सल्ला वेगळा आहे, जवळपास उलटा आहे. आणि हा प्रश्न आता म्हाताऱ्यांपुरता राहिलेला नाही. २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. माझ्याच वयाचे लोक घेताहेत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत काही जणांचं डेक्सा केलं होतं. उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. तो सगळाच स्नायू नसतो, त्यात पाणीही धरलेलं असतं. पण १५ किलो उतरले म्हणून केक कापताना त्यातलं काय उतरलं हे विचारायचंच नाही? साय गेली की पाणी गेलं, हे तरी बघाल की नाही?

मित्राचा तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो. रिपोर्टवर आकडा छापला की त्याच्या शेजारी ‘नॉर्मल’ काय तेही छापावं लागेल. ते कुठून आणणार? स्नायूंसाठी जगभर गाजलेला आकडा आहे पुरुषांना ५२.४ आणि बायकांना ३८.५, चौरस सेंटिमीटर दर चौरस मीटर उंचीला. तो २००८ मध्ये कॅनडातल्या लठ्ठ कॅन्सर रुग्णांवरून काढला होता. तो आपल्या पाड्यावरच्या बाईला लावला तर ती जन्मापासून आजारी ठरेल. म्हणजे केटलेचं भूत गेलं आणि कॅनडाचं आलं. आणि सॉफ्टवेअर शिकलं कोणाच्या स्कॅनवर? ज्यांचे पोटातले थर आपल्यासारखे नाहीत त्यांच्या.

म्हणूनच आपले आकडे आपणच काढले पाहिजेत, आणि ते काढायला हजारो स्कॅन महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या सर्व्हरवर पडून आहेत. नाव-गाव काढून टाका, संमती घ्या, वाचा. कुठल्या तरी स्टार्टअपने ‘मोफत एआय रिपोर्ट’च्या बदल्यात तो डेटा उचलून नेण्याआधी हे काम सार्वजनिक पैशाने झालं पाहिजे. फुकट म्हणून काहीतरी घेऊन जाणाऱ्यांचा आरेवाल्यांना अनुभव आहे. ऑक्टोबर २०१९ ची ती रात्र आम्ही खिडकीतून ऐकली होती.

“हे सगळं सीटी परवडणाऱ्यांचं झालं,” असं कोणी म्हणेल. आरेत २७ पाडे आहेत. सकाळी पाड्यावरून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येणाऱ्या मावशींना कोण सीटी सांगणार? कोणी नाही, आणि सांगूही नये. पण मापन कसं उतरत जातं ते बघा. डेअरीत प्रत्येक थेंबाची गर्बर टेस्ट होत नाही. नमुन्याची होते आणि त्यावर सगळ्या कॅनचा हिशोब चालतो. जपानने तेच केलं. काही लोकांचे सीटी काढले, पोटातली १०० चौरस सेंटिमीटर चरबी कमरेच्या किती घेराला जुळते ते पाहिलं, पुरुषांसाठी ८५ सेंटिमीटर ठरवलं आणि २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या तपासणीत साधी टेप लावायला सुरुवात केली. मोजके स्कॅन आणि घरोघरी टेप. भारतात पुरुषांना ९० आणि बायकांना ८० हे आकडे तज्ज्ञांनी २००९ मध्येच सांगितलेत. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या आयोगानेही सांगितलं की एकट्या बीएमआयवर कोणाला लठ्ठ ठरवू नका, घेर मोजा किंवा थेट चरबी मोजा.

मावशींचा प्रश्न तर चरबीपेक्षा स्नायूंचा आहे, आणि त्यालाही टेप चालते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पोटरीचा घेर आहे, बायकांना ३३ सेंटिमीटरच्या खाली गेला तर लक्ष द्या. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तरी लक्ष द्या. आता हे ३३ बहुतांशी पूर्व आशियातल्या शरीरांवरून आलेत. पाड्यावर ते ३१ असेल की ३० हे ठरवायलाच ते वाया जाणारे सीटी लागणार आहेत. श्रीमंताच्या मुतखड्याचा स्कॅन मावशींच्या पोटरीवरची टेप खरी करू शकतो. असा सौदा मुंबईत रोज मिळत नाही.

तोवर तुम्ही दोन गोष्टी करू शकता. टेप शिंप्याकडे वीस-तीस रुपयांना मिळते. श्वास सोडून, बरगडीचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये लावा. पोट आत ओढू नका, बघणारं कोणी नाही.

आणि घरात कोणाच्याही पोटाचा सीटी झाला, कशासाठीही, तर काउंटरवर फिल्म घेऊन परत येऊ नका. ‘डायकॉम फाइल द्या’ म्हणा. लिंक देतील, ती काही दिवसांत बंद होते, त्याच संध्याकाळी उतरवून ठेवा. सीडी देतील, ती चालवायला घरात ड्राइव्ह नसेल, शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपला असेल. मग डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा विचारा, “यात स्नायू आणि पोटातली चरबी किती आहे, बघून सांगाल का?” पहिले दहा जण विचारतील तेव्हा डॉक्टर चमकतील. अकराव्याला त्यांच्याकडे कागद तयार असेल.